शिल्लक, बाकी आणि एक रुपया: सोसायटी बिलिंगच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

कोथरूडच्या एका सोसायटीचं बिलांचं जुनं सॉफ्टवेअर आजपासून आमच्या गळ्यात. ९६ फ्लॅट, तिमाही बिलं, पुढची बिलं १ जुलैला निघायची आहेत. आधी ज्याने केलं त्याने मधेच सोडलं, कागदपत्र काही नाही. कमिटीचं म्हणणं एवढंच: बिलं बरोबर येऊ द्या आणि कुठे काय आहे ते नीट लिहून ठेवा. बिलं जमतील. लिहून ठेवायचं काम जड जाणार, हे पहिल्या तासाभरातच कळलं.

नोंदींपुरता नियम: कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितोय, खालची रेघ तशीच ठेवून. कोडात ती रोमनमध्येच आहेत आणि तिथेच राहतील.

आज नुसती टेबलं वाचली. फ्लॅटच्या टेबलात ‘नॉक’ नावाचा कॉलम आहे, आकड्यांचा. ७७ ठिकाणी शून्य, आठ ठिकाणी १, अकरा ठिकाणी ६९०. दार कोण ठोठावतंय कळेना.

३ जून, मंगळवार

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन कपाटं आणि भिंतीला नकाशासारखी टांगलेली पाण्याच्या टाक्यांची वेळापत्रकं. खजिनदार काका बँकेतून निवृत्त. खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. ‘नॉक’चं विचारलं तर म्हणाले, "एनओसी म्हणायचंय का तुम्हाला? कोणती?"

"म्हणजे दोन आहेत?"

"अहो, भाडेकरू ठेवताना सोसायटी देते ती ना हरकत. ती एक एनओसी. आणि मालक स्वतः राहत नाही, फ्लॅट भाड्याने दिलाय, म्हणून त्याला लागतं ते बिनभोगवटा शुल्क. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. तीही एनओसीच की."

परत येऊन कोड उघडला आणि सगळा उलगडा झाला. पहिल्याने कॉलम ‘ना हरकत दिली का’ यासाठी केला होता: दिली तर १, नाही तर ०. नंतर आलेल्याने तोच कॉलम शुल्काची रक्कम समजून त्यात ६९० भरायला सुरुवात केली आणि बिलावर छापायलाही लावला. जुने १ तसेच राहिले. म्हणजे आठ घरमालकांना तिमाहीला ‘एनओसी: १ रुपया’ असं बिल जात होतं. आठांपैकी एकानेही फोन केला नाही. का करतील?

नवी नावं: ‘टेनंट_एनओसी_इश्यूड_ऑन’ ही तारीख (रिकामी असेल तर दिलेली नाही, वेगळा हो-नाहीचा कॉलम नको) आणि ‘नॉन_ऑक्युपन्सी_चार्ज’ ही रक्कम. दुसऱ्या नावातलं ‘ऑक्युपन्सी’ लांबलचक वाटतं, पण कापायचं नाही. आद्याक्षरांवर बंदी. ज्या गावात एसपी म्हटलं की कुणाला कॉलेज आठवतं, कुणाला बिर्याणी आणि कुणाला पोलीस अधीक्षक, तिथे तरी ही अक्कल आम्हाला आधीच यायला हवी होती.

५ जून, गुरुवार

आजचा दिवस ‘बॅलन्स’ने खाल्ला.

हा कॉलम पावत्यांच्या भागात अधिक असेल तर सभासदाचे पैसे सोसायटीकडे जास्तीचे जमा आहेत. रिपोर्टच्या भागात अधिक असेल तर सभासदाकडून यायचे आहेत. दोन्ही भाग वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले, दोघेही आपापल्या जागी बरोबर. मधे कुणीतरी उणे चिन्ह लावून जुळवून घेतलं आहे, पण सगळीकडे नाही. वर्षाचे पैसे एप्रिलमध्येच भरून मोकळे होणारे एक सभासद आहेत. त्यांच्या नावावर तिमाही यादीत २०,७०० रुपये येणं दिसतं. खरं तर तेवढे त्यांचे पुढच्या तीन तिमाहींचे आगाऊ आहेत.

संध्याकाळी काकांना फोन केला, बॅलन्सचं काय समजता तुम्ही, म्हणून. ते थोडे चिडलेच. "शिल्लक गल्ल्यात असते. सभासदाकडून यायची ती बाकी. त्याने जास्तीचे दिले असतील तर ते आपलं देणं. तुम्ही तिन्हीला एकच शब्द लावता आणि मग अधिक-उणे करत बसता."

फोन ठेवल्यावर बराच वेळ हेच डोक्यात. आम्ही कॉलेजपासून इंग्रजीत विचार करायची सवय लावून घेतली, कारण इंग्रजी म्हणजे नेमकं असा समज. इथे उलटंच. रोजकीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्या पिढ्यांनी येणं, देणं, शिल्लक, बाकी असे शब्द पैलू पाडून ठेवलेत, आणि आम्ही त्या सगळ्यांवर ‘बॅलन्स’ची चादर घातली. जमा-नावे हे शब्द तर मलाच दोनदा विचारून घ्यावे लागले. ‘नावे’ म्हणजे डेबिट हे लहानपणी आजोबांच्या वहीत वाचलेलं, पण विसरलेलो.

मग नावं मराठीतच ठेवावीत का, ‘येणे_बाकी’ वगैरे? तासभर मोह झाला. नको. आज मी आहे, उद्या हा कोड कुणा बंगळुरूच्या माणसाकडे गेला तर त्याला ‘बाकी’ म्हणजे उरलेलं वाटेल. (हिंदीत तसंच वाटेल, आणि तो अगदीच चूक नसेल.) ठरलं असं: कोडमध्ये ‘ड्यूज_फ्रॉम_मेंबर’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स_फ्रॉम_मेंबर’. दोन वेगळे कॉलम, दोन्ही शून्य किंवा अधिक, उणे चालणार नाही, डेटाबेसच नाकारेल. शेजारी शब्दसूचीत काकांचा शब्द: येणे बाकी, आगाऊ जमा. शब्दसूचीची सुरुवात आज झाली. पानावर दोन ओळी.

९ जून, सोमवार

शनिवारी सोसायटीत भांडण झालं, म्हणून आज आम्हाला बोलावणं.

सूचना फलकावर ‘थकबाकीदारांची यादी’ लागली होती. जुन्याच सॉफ्टवेअरमधून सेक्रेटरी मॅडमनी काढलेली. यादीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं नाव. सत्तरी ओलांडलेल्या, तीस वर्षांत एक बिल चुकवलेलं नाही. एप्रिलमध्ये मुलीकडे नाशिकला गेल्या होत्या, चेक पेटीत पडायला तीन दिवस उशीर झाला. ६,९०० रुपयांवर २१ टक्के सरळव्याजाने तीन दिवसांचे १२ रुपये लागले. चेक ६,९०० चाच होता. राहिले १२. यादीत ‘बाकी’च्या खाली १२ छापलेलं, वर मोठ्या अक्षरात थकबाकीदार. आजी म्हणाल्या म्हणे, "बारा रुपयांसाठी माझं नाव भिंतीवर?" आणि पर्समधून सुटे काढून टेबलावर ठेवले.

कोडमध्ये एक फंक्शन (ठरलेलं एक काम करणारा कोडचा तुकडा), ‘इज_डिफॉल्टर’. आत एक ओळ: बॅलन्स शून्याहून जास्त असेल तर हो.

आता डिफॉल्टर हा गप्पांमधला शब्द नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यात त्याची व्याख्या आहे: देणं मागितल्यापासून किंवा देय तारखेपासून तीन महिन्यांत न भरणारा. त्याला परिणामही जोडलेले आहेत, कमिटीवर निवडून येता येत नाही. म्हणजे ज्याने फंक्शनला हे नाव दिलं त्याने नकळत आजींवर कायद्यातला शिक्का मारला. त्याच्या मनात फक्त ‘पैसे यायचेत’ एवढंच असणार.

दोन फंक्शनं केली. ‘हॅज_ड्यूज’: एक रुपयाही येणं असेल तर हो, याचा उपयोग आठवणीच्या एसएमएसपुरता. ‘इज_डिफॉल्टर’: व्याख्येप्रमाणे, तीन महिने मोजून. दुसऱ्याच्या वर टिपण: हा शब्द कायद्यातला आहे, अट बदलायची तर आधी उपविधी वाचा.

यादीचं शीर्षक काय ठेवायचं यावर कमिटीत अजून चर्चा चालू आहे. काकांची सूचना ‘येणे रकमा’. मला पटली.

११ जून, बुधवार

छोटंसं. रखवालदाराच्या टॅबवर लॉगिन संपलं की ‘तुम्हाला अधिकार नाही’ असं येत होतं आणि तो बिचारा दर वेळी सेक्रेटरींकडे दाद मागायला जायचा. दोष पूर्ण आमचा नाही. एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या) ४०१ या उत्तराचं अधिकृत नावच ‘अनऑथराइज्ड’ आहे, अर्थ मात्र ‘ओळख पटली नाही’ असा. अधिकार नाही यासाठी ४०३ आहे. आधीच्याने नावाचं भाषांतर केलं, अर्थाचं नाही. आता ‘पुन्हा लॉगिन करा’ असं येतं.

१३ जून, शुक्रवार

थकबाकीचा रिपोर्ट टेस्ट कॉपीवर चालवून बघत होतो. चुकून पुढची तिमाही निवडली. रिपोर्ट रिकामा आला, ठीकच. दहा मिनिटांनी बघतो तर बिलांच्या टेबलात ९६ नवी बिलं. जुलैची. क्रमांकासकट.

‘गेट_बिल’ नावाचं फंक्शन. बिल असेल तर आणून देतं. नसेल तर निमूटपणे तयार करून देतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याने नाव वाचलं, ‘गेट’ म्हणजे नुसतं आणणार, असं धरलं आणि बिनधास्त वापरलं. मीही तेच केलं असतं. आत डोकवायचं नसावं म्हणून तर नाव असतं.

टेस्ट कॉपी होती म्हणून हसू आलं. मग आठवलं: ऑडिटरनी गेल्या वर्षी विचारलं होतं की बिल क्रमांकांत मधेच खाडे का आहेत. काकांनी त्यांना ‘प्रिंटर बिघडला होता’ असं सांगून वेळ मारून नेली होती. लाइव्हची, म्हणजे सोसायटीत प्रत्यक्ष चालणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंद बघितली. कुणीतरी रिपोर्ट बघितला, बिलं जन्मली, कुणीतरी हातानेच पुसली. प्रिंटरचा काही दोष नव्हता.

‘फाइंड_बिल’: शोधतं, नसेल तर ‘नाही’ सांगतं, काही बदलत नाही. ‘इश्यू_बिल’: क्रमांक देऊन बिल काढतं. ‘क्रिएट’ घ्यायचं की ‘इश्यू’ यावर इंटर्नशी थोडी वादावादी झाली. ती म्हणाली, "दादा, सगळीकडे क्रिएटच असतं." खरंय. पण बिल तयार होणं आणि बिल निघणं यांत सोसायटीत फरक आहे. क्रमांक पडला की ते निघालं, मागे घेता येत नाही, रद्दच करावं लागतं. ‘इश्यू’त तो वजनदारपणा आहे. कच्चं बिल वेगळं, त्याला ‘ड्राफ्ट’.

१७ जून, मंगळवार

३ तारखेचे ते ६९० डोक्यातून जात नव्हते. सगळ्या अकरा जणांना सारखीच रक्कम, तिमाहीला ६९०, म्हणजे महिन्याला २३०. एका फ्लॅटचं महिन्याचं बिल २,३००. बरोब्बर दहावा हिस्सा.

बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त दहा टक्के, ही मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्ये घातली. पण दहा टक्के कशाचे? सेवाशुल्काचे. बिलातल्या सगळ्या रकमेचे नव्हे. इथलं मासिक बिल असं:

सेवाशुल्क (रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे, ऑडिट, छपाई) १,१००. सिंकिंग फंड २५०, कारण बांधकाम खर्च १२ लाख धरून वर्षाला पाव टक्का. दुरुस्ती निधी ७५०, त्याच खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का. पाणी १२०, नळांच्या हिशेबाने. पार्किंग ८०. बेरीज २,३००.

शुल्क हवं ११०. लावलं २३०. महिन्याला १२० जास्त, तिमाहीला ३६०, अकरा फ्लॅटचे ३,९६०. गेल्या तीन तिमाह्या असं चाललंय, म्हणजे ११,८८०. आणि आठ जणांना तिमाहीला एक रुपया. दोन्ही बाजूंनी चूक, आणि एकमेकींना भरून काढण्याइतकी देखील नाही.

कोडमधली ओळ: ‘नॉक’ बरोबर ‘चार्जेस’ गुणिले ०.१०. बस्स. ‘चार्जेस’ हे नाव त्या फाइलमध्ये तीन ठिकाणी आहे. एका ठिकाणी सेवाशुल्क, एका ठिकाणी बिलाची बेरीज, एका ठिकाणी चेक परत आल्याचा बँकेचा आकार. ज्याने ती ओळ लिहिली त्याला नियम माहीत असावा असं मला वाटतं. फक्त हाताला भलतं ‘चार्जेस’ लागलं. ‘सर्व्हिस_चार्जेस’ असं पूर्ण लिहिलेलं असतं तर हात तिथेच अडखळला असता.

काकांना सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, कागदावर बेरीज स्वतः करून पाहिली, मग म्हणाले, "अकरा जणांचं जुलैच्या बिलात वळतं करा. आठ जणांचं कमिटीपुढे ठेवतो." वळतं करणं! त्याला आमच्या कोडमध्ये ‘अ‍ॅडजस्टमेंट_टू’ असं नाव होतं. (‘अ‍ॅडजस्टमेंट_वन’ सापडलं नाही.)

२० जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद, सगळे घरून. खिडकीतून लांबून टाळांचा आवाज.

इंटर्नने कच्च्या बिलाचा नमुना पाठवला, देय तारीख ‘२ जुलै’. हवी होती १५ जुलै. तिने जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेतलं ‘गेटडे’ वापरलं होतं. ते तारीख देत नाही, वार देतं, रविवार शून्य धरून. १५ जुलैला मंगळवार, म्हणून २. तारखेसाठी ‘गेटडेट’ आहे. आणि ‘गेटमंथ’ जानेवारीला शून्य म्हणतं, पण तारीख मात्र १ पासून. ती वैतागून म्हणाली, "ही नावं ठेवली कुणी?" १९९५ मध्ये घाईघाईत जावा या दुसऱ्या भाषेकडून उचललेली आहेत, जावाने पुढे आपल्याकडची बरीचशी ‘वापरू नका’ म्हणून बाजूला काढली, ब्राउझरमध्ये मात्र ती अजून नांदताहेत.

वार, तारीख, तिथी, दिवस. आपल्याकडे चौघांची घरं वेगळी आहेत. शब्दसूचीत टाकलं: ‘डे’ हा शब्द एकट्याने वापरायचा नाही.

२४ जून, मंगळवार

दस्तऐवज लिहायला बसलो. पहिला अडथळा ‘शुड’.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्येच हा घोळ निस्तरला, आरएफसी २११९ या टिपणात. ‘मस्ट’ म्हणजे पर्याय नाही. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडा. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. २०१७ मध्ये आणखी एक खुलासा आला, की हे खास अर्थ हे शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) असतील तेव्हाच. आमची पंचाईत अशी की कमिटीसाठीचं पुस्तक मराठीत हवं, आणि देवनागरीला मोठी लिपी नाही. सरकारी मराठीतलं ‘करण्यात यावे’ तर तिन्ही अर्थांनी चालतं.

दुपारभर उगाच ठळक अक्षरांचे प्रयोग केले. मग लक्षात आलं, आपल्याकडे ‘च’ आहे. ‘बिल काढण्याआधी पावत्या चढवल्याच पाहिजेत.’ ‘चेकचा क्रमांक लिहावा.’ ‘फ्लॅटधारकाचा ईमेल लिहिला तरी चालेल.’ पाहिजेच, वावे, चालेल. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन ओळींत हे सांगितलं आणि पुढची चाळीस पानं त्याच शिस्तीत लिहायची ठरवली. सेक्रेटरी मॅडमना वाचायला दिलं, त्यांनी एका ठिकाणी ‘वावे’ खोडून ‘च’ घातला. रोख पावतीवर सही. बरोबर आहे त्यांचं.

जुनं टिपणही एक काढून टाकलं: व्याजाच्या फंक्शनवर ‘१८ टक्के’ असं लिहिलेलं, आत २१. आकडा टिपणात लिहायचाच कशाला.

२७ जून, शुक्रवार

आज माझी चूक.

‘बॅलन्स’ कॉलम मोडून दोन केले तेव्हा एक्सेलच्या निर्यातीतलं शीर्षकही बदललं. नेमकं नाव, सुटसुटीत, वगैरे. आज सकाळी सोसायटीच्या हिशेबनिसांचा फोन. त्यांची एक मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) आहे, बारा वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेली. ती ‘बॅलन्स’ असं शीर्षक शोधते. सापडलं नाही म्हणून तिने सगळ्यांसमोर शून्य घातलं आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) काही जुळेना. रात्री साडेअकरापर्यंत बसले होते बिचारे, चूक आपलीच असणार असं समजून.

घरातल्या घरात नाव बदलणं वेगळं, गावाला सांगितलेलं नाव बदलणं वेगळं. एचटीटीपीतलं ‘रेफरर’ याचं ठळक उदाहरण: कुठल्या पानावरून आलात हे सांगणाऱ्या या हेडरच्या (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीच्या) स्पेलिंगमधला एक आर गळलेला आहे, १९९६ च्या दस्तऐवजात तसाच छापला गेला, आणि आज जगातला प्रत्येक ब्राउझर तीच चूक प्रामाणिकपणे पाठवतो. देवनागरीत लिहिलं की चूक दिसतही नाही, ही त्यातली गंमत.

निर्यातीत ‘बॅलन्स’ परत आणला, जुन्या अर्थाने, शेवटच्या कॉलमात. वर टिपण: हे नाव बाहेर गेलेलं आहे, हात लावायचा नाही. हिशेबनिसांची माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, चालायचंच." चालू नये.

१ जुलै, मंगळवार

९६ बिलं निघाली. क्रमांक सलग. अकरा जणांचं वळतं झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या बिलावर मागील येणे बाकी: निरंक. ते ‘निरंक’ काकांच्या आग्रहाखातर, आम्ही ०.०० ठेवलं होतं. दिवसभरात दोनच फोन, दोन्ही पार्किंगवरून.

एक रुपयावाल्या आठांपैकी एकांनी मात्र लेखी विचारणा केली आहे, की शुल्क एकदम एकाचे ३३० कसे झाले.

४ जुलै, शुक्रवार

शब्दसूची आता ४१ शब्दांची. छापून काकांकडे दिली होती, आज परत आली. लाल पेनाने सहा ठिकाणी दुरुस्त्या. ‘सभासद’ आणि ‘मालक’ आम्ही एकच धरले होते, तिथे त्यांनी रेघ मारून ‘वेगळे!’ आणि समासात ‘सहयोगी सभासद राहिला’. ‘भाडेकरू’समोर बरोबरची खूण. ‘पावती तारीख’च्या खाली ‘चेकवरची की बँकेत जमा झाल्याची?’

शेवटच्या पानावर ‘एकूण’ हा शब्द. अर्थ आम्ही लिहिला होता ‘बिलाची बेरीज’. त्यावर लाल गोल आणि एकच प्रश्न: ‘मागची बाकी धरून की सोडून?’

कोडमध्ये ‘टोटल’ शोधलं. १४ ठिकाणी आहे. सोमवारी एकेक उघडायचं.